समुद्रात पडलेली एकदाणी

१

विमलबाईच्या गळ्यातली एकदाणी समुद्रात पडली, ही बातमी समताला कळली तेव्हा तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि डोक्यावर वैशाखाचं ऊन. पुडा तिनं ओसरीवर टाकला. ऊन मात्र डोक्यातच राहिलं, ते पुढे चार दिवस उतरलं नाही.

समता एसटीत कंडक्टर, बुलढाणा डेपोची. तिची गाडी अकराला मोताळ्याच्या स्टँडवर लागते आणि बाराला परत फिरते. मधल्या तासात ती खाकी कपड्यांवरच थोरल्या बहिणीकडे चहाला जायची. आज मात्र ती चहाला आली नव्हती. लेकीचं, पुष्पांजलीचं लग्न तोंडावर होतं. पाचव्या दिवशी हळद. आईची एकदाणी न्यायला आली होती ती.

आईची एकदाणी म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यांसारखे सोन्याचे मणी, लाल रेशमी दोऱ्यात ओवलेले, मागे गोंडा. डोक्यावरून घालायची, डोक्यावरूनच काढायची. आई गेली तेव्हा दोघी बहिणींनी ती तोडून वाटून घेतली नाही. एका अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दुसऱ्या अखाजीपर्यंत एकीच्या गळ्यात, मग दुसरीच्या. आणि घरातल्या कुठल्याही लेकीला हळद लागायची ती एकदाणी गळ्यात पडल्यावरच.

दारात पाय टाकला तेव्हा आतून जात्याची घरघर येत होती. विमलबाई भाचीच्या लग्नाची हळद दळत होती आणि गात होती:

नदीच्या पान्यावरी गं, कंदील लाल पिवळे
परक्या मुलखात बाई, कोनी आपलं ना मिळे

फुलांची सायकल गं, सकाळी जाय खालून
दुसऱ्या सकाळी बाई, तीच आली गं फिरून

समता उंबऱ्यावर थांबली. रागावायच्या आधीचा तो शेवटचा गोड क्षण. ताईची ही लहानपणापासूनची खोड होती. जे डोळ्यांनी पाहिलं तेच ती ओवीत घालायची. न पाहिलेला मोर तिच्या ओवीत कधी नाचला नाही.

"ताई, एकदाणी दे वं. गाडी बाराले निघते माही."

जातं थांबलं. खुंट्यावरचा विमलबाईचा उजवा हात तसाच राहिला, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला, तुळस, विंचू, सीतेची रांगोळी, आणि बोटांना हळद. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात तिनं पदर गळ्याभोवती दोन वेढे देऊन घट्ट घेतला होता.

"नाही आता थे," ती जात्याकडे पाहत म्हणाली. "समुद्रात पडली."

"काय म्हनते?"

"बोटीवरून. पान्यात."

"अवं, तुही एकटीची होती का थे? पोरीची हळद चार दिवसांवर आली अन् तू मले जात्यावर बसून सांगते, पडली? फोन नाही, निरोप नाही! अन् गळा काऊन बांधून बसली? दागिना गेल्याची लाज वाटून राह्यली का?"

"ऊन लागलं मले," विमलबाई म्हणाली. आणि पुन्हा जात्याला हात घातला.

तेवढ्यात आतून इंद्रभान आले, विमलबाईचे मालक. मोताळ्यात त्यांचं कृषी केंद्र. बियाण्याची कंपनी टार्गेट पुरं करणाऱ्या दुकानदारांना जोडीनं परदेशी नेते. यंदा बारा जोड्या व्हिएतनामला गेल्या होत्या. आधी जुन्या राजांचं ह्यू शहर, मग कंदिलांचं होई आन, मग हनोई, आणि शेवटी हजारो बेटांच्या खाडीत एक रात्र मोठ्या बोटीवर. टार्गेट दुकानाच्या नावावर लागलं असलं तरी इंद्रभानचा पाय मोडला तेव्हा दोन हंगाम दुकान विमलबाईनंच रेटलं होतं. तिला समुद्र पाहायचा होता. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं एवढी एकच गोष्ट तोंडानं मागितली होती.

"तिले काही बोलू नको, समता," इंद्रभान म्हणाले. "संध्याकाळची वेळ. बोट त्या डोंगरासारख्या बेटाइच्या मधून चालली. वारा असा सुटला! ही कठड्याले टेकून फोटो काढून राह्यली, अन् खटकन हूक तुटला. म्या हात मारला, पन कुठं सापडते? हिरवंगार पानी, खोल. बोटीवाल्यानं गाडी... म्हनजे बोट, थांबवली बी थोडी. पन गेली थे गेलीच." मग आवाज खाली आणून, "तिचं डोकं आजकाल ठिकानावर नाही. बोलत नाही, हसत नाही. पोरानं, गोकुळनं, अकोल्याच्या डाक्टरची तारीख घेतली. शुक्रवारची."

समता बहिणीशी न बोलता निघाली. विमलबाईची सून करिष्मा पाण्याचा तांब्या घेऊन फाटकापर्यंत मागे आली.

"मावशी, रागावू नका आत्याबाईवर. घरी आल्या आल्या मीच विचारलं, आत्याबाई, एकदाणी दिसत नाही? तर त्या पटकन बोलल्या, समुद्रात पडली. मामाजीच्या हातातला चहा सांडला सगळा पँटवर. मले तर वाटलं, त्याइले बी तवाच समजलं."

स्टँडकडे जाताना समताचे पाय तापल्या डांबरावर आपटत होते. पेढे, लग्न, बहीण, सगळ्याचा राग राग. पण बावीस वर्षांची नोकरी रागातही काम करते. ज्याच्याकडे तिकीट असतं तो ते काढून दाखवतो. ज्याच्याकडे नसतं तो लांबलचक गोष्ट सांगतो.

गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि ती थांबली.

हूक?

एकदाणीला हूक होता कुठं?

२

दुसऱ्या दिवशी ती चहाला गेली नाही, दुकानात गेली. काउंटरवर गोकुळ होता, विमलबाईचा मुलगा. भिंतीवर परवाच लावलेला मोठा फोटो, बोटीच्या डेकवर सगळे दुकानदार जोडीनं, मागे बॅनर, इंद्रभानच्या हातात ढाल.

"बोटीवरच सत्कार झाला पप्पाचा," गोकुळ कौतुकानं म्हणाला. "जिल्ह्यात पहिला नंबर."

गाडी सुटायच्या आधी डोकी मोजायची, ही समताच्या बोटांची सवय. बोट हवेत आपोआप हलू लागलं. बारा जोड्या म्हणजे चोवीस. बोट तेवीसवर थांबलं. तिनं मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पुन्हा मोजलं. तेवीस.

"तुही माय कुठं आहे बे याच्यात?"

"नसंन. ते फोटोले लाजते. तिचा वेगळा आहे ना." गोकुळनं गल्ल्यामागून एक फ्रेम काढली. "पप्पानं मोठा करून आनला."

निळंहिरवं पाणी, त्यात उभे राहिलेले काळे डोंगर. कठड्याला टेकलेली, पाठमोरी एक बाई. डोक्यावरून विमलबाईची लाल शाल, खामगावच्या बाजारातली, समतानंच दिलेली.

"अन् एकदाणीचं काही समजलं का?"

"कुठून समजंन, मावशी! म्या स्वतः हनोईच्या हॉटेलात इंग्रजीतून फोन लावून देल्ला पप्पाले. दोनदा. पप्पा म्हने, विचारून तर पाहू, पलंगाखाली पाहा, बाथरूमात पाहा. काहीच नाही म्हने."

"हॉटेलात?"

गोकुळ काही बोलायच्या आत इंद्रभान दारात उभे राहिले. त्यांनी फ्रेम पाहिली, समताला पाहिलं, आणि जरा जास्तच मोठ्यानं हसले. "पाह्यला का फोटो? याच्यानंतर पाच मिनिटात गेली पाह्य एकदाणी."

"लय चांगला आला, भाऊजी," समता म्हणाली.

ती फोटो पाहतच होती. शालीतून बाहेर आलेला उजवा हात कठड्यावर टेकला होता. उन्हात नीट दिसत होता, मनगटापासून कोपरापर्यंत.

एकवीस गावांच्या जत्रांमध्ये पाहिलं तरी तसं गोंदण दुसऱ्या हातावर नव्हतं. सहा वर्षांची समता गोंदणारणीच्या हातून एक ठिपका घेऊन पळाली होती. विमल मात्र दात आवळून बसली, आणि वर रडणाऱ्या धाकटीला मांडीवर घेऊन बसली. ती तुळस, तो विंचू समताला डोळे मिटून काढता आला असता.

फोटोतला हात कोरा होता.

३

सुट्टीच्या दिवशी समतानं बीबी गाव गाठलं. युसूफभाईंचं बियाण्याचं दुकान तिथं बाजाराच्या तोंडाशी. व्हिएतनामच्या बारा जोड्यांत जिल्ह्यातल्या दोनच होत्या, एक इंद्रभान-विमलबाई आणि दुसरी युसूफ-गुलनाज.

युसूफभाईंनी सरबत मागवलं आणि विषय निघताच हात जोडले. "जाने दो ना, ताई. मियाँ-बीवीचा मामला आहे. इंद्रभानभाऊ आपला माणूस. धंद्यात रोज तोंड पाहायचं."

"तोंड तर माह्या बहिणीनंही रोज पाहायचं आहे त्याइचं," समता म्हणाली. तिनं मोबाइलमध्ये काढून आणलेला फोटो गुलनाजपुढे धरला. "भाभी, हा हात कोनाचा?"

गुलनाजनं फोटो पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग शांतपणे ओढणी सारून आपला उजवा हात टेबलावर ठेवला, कोरा, एका बांगडीचा.

"माहा," ती म्हणाली. "अन् ज्या दिवसापासून परत आली त्या दिवसापासून हा हात मले जळून राह्यला."

"गुलनाज!"

"तुम्ही बसा हो. अकरा दिवस झाले, तुम्हीच बोलून राह्यले, काही नाही झालं, काही नाही झालं." तिचे डोळे भरले होते पण आवाज सुरीसारखा होता. "ताई, ह्यूच्या राजवाड्यात विमलभाभीनं दारात चपला काढल्या. तिथं कोनीच काढत नाही. पन भाभी म्हने, राजाचं घर आहे, कशी जाऊ चपलीनं? सगळे हसले. मग कंपनीच्या मोठ्या साहेबाची बायको, तिनं भाभीचा हात धरला अन् गोंदणावर बोट फिरवून म्हने, हे धुतलं तर जातं का? भाभी बी हसल्या. सांगत बसल्या तिले, ही तुळस, हा विंचू. त्याइले नाही लागलं. भाऊचं तोंड मात्र लाल झालं."

"मंग?"

"हनोईत पोहोचलो. दुसऱ्या सकाळी आठले बस येनार होती, खाडीवर न्यायले. सगळे खाली. भाऊ एकटेच आले. म्हने, विमलचं पोट बिघडलं, आराम करू दे. म्या वर पाह्यलं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत भाभी उभ्या. नवी साडी, केसात गजरा." गुलनाजनं समताकडे वळून विचारलं. "पोट बिघडलेली बाई गजरा माळते का हो?"

टेबलावरचं सरबत तसंच राहिलं होतं. 

"अन् बोटीवर भाऊ शाल घेऊन आले. म्हने, भाभी, दोन मिनिटं उभ्या राहा पाठ करून, लेकराइले दाखवायचं आहे, नाही तर त्याइचा जीव खट्टू होईन. म्या उभी राह्यली. अल्ला माफ करे. मले वाटलं, आजारी बाईसाठी करून राह्यले."

"खिडकीत होती तवा गळ्यात काय होतं?"

"एकदाणी! उन्हात अशी चमकून राह्यली होती की खालून दिसली."

"अन् परत आले तवा?"

गुलनाज आठवत राहिली. "परत आलो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. भाभीनं पदर घेतला होता गळ्याभोवती. एअरपोर्टवर बी तसाच. एक शब्द बोलल्या नाहीत, ताई. कोनाशीच नाही."

समता उठली. युसूफभाई दारापर्यंत आले, मान खाली. "तुम्ही म्हनाल तिथं येतो, ताई," ते पुटपुटले. "दोघं बी येतो."

बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. एकदाणी बोटीवर गेलीच नव्हती. मग समुद्रात पडली कशी? आणि जी बाई बोटीवर नव्हती, तिनंच कशाला सांगावं की बोटीवरून पडली?

४

परतीच्या गाडीत समता खिडकीशी बसली. नुसतं बसून जायची सवय नाही. तिकिटाचं मशीन नाही, त्यामुळे हात रिकामे, आणि रिकाम्या हातात राग जास्त मावतो.

भाऊजींनी विकली? मग हॉटेलात दोन-दोनदा फोन कशाला लावला असता? ज्याच्याकडे माळ आहे तो ती परमुलखात पलंगाखाली शोधत नाही. म्हणजे ती कुठं आहे हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतंय, बायकोनं हॉटेलात हरवली.

करिष्मानं सामान उतरवताना घेतली? ती घेणारी असती तर पहिला प्रश्न तिनंच विचारला नसता.

गुलनाज? तिनं तर स्वतःचा हात काढून टेबलावर ठेवला.

बाजूच्या बाईनं विचारलं, "तब्येत बरी आहे ना, बाई? दात काऊन खाऊन राह्यल्या?"

"बरी आहे," समता म्हणाली.

फुलांची सायकल सकाळी खालून जाते. दुसऱ्या सकाळी तीच परत येते. खालून. हनोईत मुक्कामाची सकाळ एकच होती. दुसऱ्या सकाळी तर सगळे बोटीवर. दोन्ही सकाळी ती सायकल वरून पाहणारी बाई खिडकीतून हललीच नव्हती. आणि सबंध ओवीत समुद्राचा एक थेंब नव्हता. ताईनं तर पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं, जात्यावर, मोठ्या आवाजात, भर दुपारी. ऐकणारीचे कान फक्त एकदाणीकडे लागलेले.

मग समुद्राचंच नाव का? विहीर होती, विमानतळ होता, बाजार होता. हरवायला जग पडलं होतं.

चहा सांडला पँटवर.

गाडी चिखलीच्या स्टँडवर वळली आणि समता एकदम उभी राहिली. खिडकीच्या गजावर तिनं मूठ आपटली, एवढ्या जोरात की कंडक्टरनं मागे वळून पाहिलं.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. एका बाईनं बिनातिकीट मानूस पकडला. एकटीनं. अन् अकरा दिवस झाले, उतरवायची वाट पाहून राह्यली ते."

५

शुक्रवारी समताच्या गाडीतून मोताळ्याला दोन पाहुणे उतरले, युसूफ आणि गुलनाज. तिघं घरी पोहोचले तेव्हा गोकुळ कार काढत होता. अकोल्याच्या डॉक्टरची तारीख. विमलबाई ओसरीवर बसली होती, तसाच पदर गळ्याशी, शेजारी पिवळ्या हळदीचा डबा.

"गोकुळ, गाडी बंद कर," समता म्हणाली. "पाच मिनिटं. मंग ने जिकडे न्यायचं तिकडे."

इंद्रभाननं गुलनाजला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पण आवाज चढला. "हे काय लावलं? तू कंडक्टर आहे का फौजदार?"

"कंडक्टर. फौजदार चोर पकडते, भाऊजी. म्या बिनातिकीट पकडते. सांगा, हूक कसा तुटला?"

"सांगतलं ना त्या दिवशी. खटकन..."

"आईच्या एकदाणीले हूक नाही. रेशमाचा दोरा आहे, गोंडा आहे. बावीस-तेवीस वर्सं एक वर्साआड तुमच्या बायकोच्या गळ्यात होती थे. तुम्हाले मालूम नाही?"

"मंग दोरा तुटला असंन!"

"अन् समुद्रात पडलेली माळ हॉटेलच्या पलंगाखाली काऊन शोधली?"

गोकुळ कारच्या दाराशी होता. त्यानं वडिलांकडे पाहिलं. फोन त्यानंच लावून दिला होता.

"पप्पा?"

समतानं ओसरीवर फ्रेम ठेवली, येता येता दुकानातून उचललेली. गुलनाज पुढे आली आणि काही न बोलता तिनं आपला उजवा हात फोटोतल्या हाताशेजारी धरला. करिष्मानं आधी तो पाहिला, मग सासूचा, हळदीनं माखलेला, तुळशीविंचवाचा. तिच्या तोंडातून "अगं माय" एवढंच निघालं.

"सत्काराच्या फोटोत डोके तेवीस आहेत, गोकुळ. चोविसावं हनोईत होतं, तिसऱ्या मजल्यावर. फुलांची सायकल मोजत." समता इंद्रभानसमोर जाऊन उभी राहिली. "ताई म्हनते, बोटीवरून पडली. तुम्ही म्हनता, हाव, म्या पाह्यली. दोघंबी खोटं बोलून राह्यले. तुमचं मले समजलं, तुम्ही झाकून राह्यले. पन ताईनं काय झाकलं? तिनं काहीच नाही झाकलं. साऱ्या दुनियेत एकच खोटं असं होतं, जे फक्त तुम्हाले खोडता आलं असतं. तुम्ही एवढंच म्हनायचं होतं, तू बोटीवर होती कुठं? तेवढं एक वाक्य. आता म्हना. नाही तर माहीच बहीण मूर्ख ठरून डाक्टरपुढं बसंन, अन् माह्या लेकीची हळद तशीच लागंन."

इंद्रभाननं फ्रेम उचलली आणि उलटी करून ओसरीवर ठेवली.

"नव्हती," इंद्रभान म्हणाले. "नव्हती ते बोटीवर."

"मोठ्यानं, मामाजी," करिष्मा म्हणाली. त्या घरात ती पहिल्यांदाच असं बोलली.

"नव्हती! म्या ठेवली तिले हॉटेलात. पासपोर्ट घेऊन घेतला, म्हटलं खाली उतरू नको, हरवशीन. अरे, लोक हसून राह्यले होते! सत्कार होता माहा, साहेब होते, कंपनीचे मोठे लोक... अन् ही चपला काढते, हात दाखवते..." आवाज तिथंच फाटला. "दोन दिवसाचा तर प्रश्न होता."

विमलबाई उठली. हळदीचे हात तिनं पदराला पुसले नाहीत, तसेच वर नेले आणि गळ्याभोवतीचा एक वेढा सोडला. मग दुसरा.

आईची एकदाणी तिथंच होती. घामानं दोरा काळसर झालेला, मण्यांखाली गळ्यावर उष्म्याचं लाल पुरळ, आणि ज्वारीच्या दाण्यांसारखं ते सोनं जसंच्या तसं.

"बारा दिवस," विमलबाई म्हणाली. बारा दिवसांत पहिल्यांदाच ती नवऱ्याकडे पाहत होती. "एका घरात. ताट वाढलं, पानी देल्लं, शर्टाची गुंडी लावून देल्ली. एवढ्या जवळून. एकदा मान वर केली असती तर दिसली असती. म्या मनात म्हटलं होतं, पाह्यलं तर माफ. जो समुद्र तुम्ही मले दाखवला नाही, त्याच समुद्रात टाकली म्या एकदाणी, करिष्माच्या तोंडासमोर. म्हटलं, आता तरी हा मानूस म्हनंन, अवं तू होती कुठं? तिथंच काढून देल्ली असती. पन नाही. तुम्ही त्याले हूक लावला. वारा लावला. बोट थांबवली. अन् मंग माह्यावर डाक्टर लावला."

"विमल..."

"तुही माय येडी झाली म्हनून तूबी गाडी काढली," ती गोकुळला म्हणाली. त्यानं कारची किल्ली खिशात टाकली.

समता पुढे झाली. "ताई, म्या तुले काय काय बोलली वं."

"बोलली. तूबी पाह्यलं नाही, समता. वैशाखात गळा बांधून बसली बहीण, अन् ऊन लागलं म्हटलं तर तू मानली. तुले एकदाणी पाह्यजे होती." विमलबाईनं ती डोक्यावरून काढली. काढताना दोन केस मण्यांत अडकून तुटले. "पन तू परत आली. धर. नाही, थांब. पोरीच्या गळ्यात म्याच घालनार. हळद बी अजून अर्धी दळायची आहे. जातं आहे का तुह्या घरी?"

"आहे."

"मंग चाल."

तिनं घेतलं काय? एक पिशवी, हळदीचा डबा, आणि कपाटातून स्वतःचा पासपोर्ट. लाल शाल खुंटीवर होती. तिनं ती गुलनाजच्या हातात दिली. "ठेव. तुले शोभते. अन् हात जळून राह्यला असंन तर आता जळू देऊ नको."

बाराला गाडी भरली होती. विमलबाई पुढच्या दाराजवळच्या खिडकीत बसली. समतानं दार लावायला हात घातला आणि पायरीवर इंद्रभान उभे दिसले. धापा टाकत आलेले, एका पायात चप्पल घरातली, दुसऱ्यात बाहेरची. वीसेक माणसं पाहत होती.

"दोन दे, समता," ते म्हणाले. "बुलढाणा. दोन."

समतानं मशीन हातात घेतलं आणि बहिणीकडे पाहिलं. विमलबाई खिडकीबाहेर पाहत होती, स्टँडवरच्या उसाच्या गाड्याकडे, पोरांकडे, उन्हाकडे. असं पाहणं तिनं परमुलखात दोन दिवसांत शिकून घेतलं होतं.

"तुही गाडी समुद्राकडे जाते का वं?" तिनं विचारलं.

"नाही. पन आपून जाऊ ना, लग्न झालं की. मलकापुरातून रेल्वे जाते सरळ."

"मंग एकच दे," विमलबाई म्हणाली. "बायाइचं अर्धं."

इंद्रभान पायरीवरून खाली उतरले. कोणी उतरवलं नाही, आपणच उतरले. समतानं गाडीभर बोट फिरवलं, नेहमीसारखं मागून पुढे नाही, पुढून मागे. पहिलं बोट तिनं बहिणीच्या खांद्यावर टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "एक."

मग बाकीची डोकी मोजून तिनं दोनदा घंटी दिली.